मौन म्हणजे संमती नव्हे

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठी घरांत लग्नाच्या बोलण्याच्या वेळी थट्टेने उच्चारले जाते. मुलगी गप्प राहिली की तिची पसंती आहे, असे वडीलधारी मंडळी समजून चालतात. थट्टेपुरते ते ठीक. परंतु हाच विचार न्यायासनापर्यंत जाऊन पोहोचला म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे विदर्भातील एका मुलीच्या खटल्यावरून कळून येते.

१९७२ सालच्या मार्च महिन्यातील ही घटना. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज हे तिचे ठिकाण. आईबापांवाचून वाढलेली, चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी मोलमजुरी करून भावाजवळ राहत होती. भावानेच नोंदविलेल्या एका तक्रारीच्या निमित्ताने ती रात्री पोलीस ठाण्यात आली. जबान्या झाल्या. बरोबरच्या मंडळींना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि तिला एकटीला आत थांबवून घेण्यात आले. त्या रात्री ठाण्यातील एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला व हवालदाराने आपली विटंबना केली, असे तिने सांगितले. जेथे रक्षण मागावयाचे, तेथेच हे घडले.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले; मुलीची संमती होती, असे त्या न्यायालयाचे मत पडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीपोटी शरीर निमूट स्वाधीन होणे निराळे आणि मनापासून संमती देणे निराळे, हा भेद उच्च न्यायालयाने ओळखला आणि दोघांना शिक्षा दिली. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा त्यांना मुक्त केले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तेव्हा तिने केलेल्या आरडाओरड्याची हकीकतही खरी मानता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. रात्रीची वेळ, पोलिसांचे ठाणे, गरीब अल्पवयीन मुलगी. अशा ठिकाणी तिने प्रतिकार तरी कसा करावा, हा त्यांचा सवाल होता. ते पत्र गावोगावच्या स्त्रियांनी उचलून धरले. १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसांच्या ताब्यात असताना असा गुन्हा घडला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी आली. पुढे २०१२ साली दिल्लीत घडलेल्या भीषण प्रकारानंतर २०१३ साली आणखी एक वाक्य कायद्यात आले: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हे एक वाक्य लिहिले जाण्यास एक्केचाळीस वर्षे लागली.

कायदा बदलला, घरे किती बदलली? २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा मोठा खरा, परंतु तो केवळ नोंदलेल्यांचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की मारहाण वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी सत्त्याहत्तर स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही आणि कोणाला काही सांगितलेही नाही. नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुधा परका नसतो. नातलग, शेजारी, ओळखीचा असाच कोणी असतो. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर पुष्कळदा तो पतीच असतो आणि सज्ञान पत्नीच्या बाबतीत पतीला मिळालेली सूट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम राहिली आहे.

बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाची कन्या तामार हिची कथा आहे. सावत्र भाऊ अम्नोन याने आजाराचे सोंग करून तिला बोलावून घेतले आणि तिच्यावर अत्याचार केला. तिने त्याला विनविले होते, अडविले होते. नंतर डोक्यात राख घालून, वस्त्र फाडून, ती मोठ्याने आक्रोश करीत निघाली. तामार गप्प बसली नव्हती. तिला गप्प बसविण्यात आले. ‘तो तुझा भाऊ आहे, उगी राहा’ असे तिचा सख्खा भाऊ अबशालोम म्हणाला. राजाला संताप आला, पण त्याने न्याय केला नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा वध करविला आणि त्या राजघराण्यात पुढे रक्तच सांडले. झाकून ठेवलेला अन्याय विझत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो घर जाळतो.

आजही ‘अब्रू गेली’ असे म्हणतात, ते जिच्यावर अत्याचार झाला तिच्याविषयी! चोरी झाली तर अब्रू चोराची जाते, घरधन्याची नव्हे. येथे मात्र उलटा न्याय. मुलीची शाळा सुटते, घाईने लग्न उरकले जाते, आणि अपराधी मात्र त्याच गल्लीतून उजळ माथ्याने फिरतो. त्याला पाहून दुसरा धीट होतो. एका घराने लपविलेली गोष्ट अशा रीतीने साऱ्या गावाला भोवते.

म्हणून प्रश्न केवळ न्यायालयाचा नाही. मूल ज्याच्यापाशी पहिला शब्द बोलते, ती आई, ती मावशी, तो शिक्षक, यांचाही आहे. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवरील असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट करावयाची असते, आणि तिला कायदा लागत नाही. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न न विचारता, ‘तुझी यात काही चूक नाही’ एवढे म्हणावयाचे. तामारला तिच्या भावाने हे वाक्य ऐकविले नाही. देसाईगंजच्या मुलीला सर्वोच्च न्यायासनानेही ऐकविले नाही. घराघरांतून ते ऐकविले जाईल, तेव्हाच मुली बोलतील.