ओल्या वर्षाची वर्गणी



पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने सगळ्याच विषयांवरून हात फिरवावा अशी आपली रीत. मी मात्र आज एकच विषय धरणार आहे: मांजरा खोऱ्यातल्या, अनेक गावांना मिळून पाणी देणाऱ्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आणि त्यांना लागणारा पैसा.

दुष्काळात, 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या, म्हणजे खेपेला पंचवीस लाख लिटर. लातूर शहराची 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या धरली, तरी हे माणशी साडेसहा लिटरच होतं. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण भरलं आणि टंचाईच्या फायली कपाटात गेल्या. टंचाईत आपण पैसा मोजत नाही आणि धरण भरलं की पैसा मागत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या सवयीविरुद्ध आहे.

नियोजनाचं आधी बोलू. आपण जलवाहिन्या 30 वर्षांच्या लोकसंख्येसाठी आखतो, पंप 15 वर्षांसाठी घेतो. उद्भवाचं, म्हणजे ज्या धरणातून पाणी उचलतो तिथलं पाणी मात्र दरवर्षी नव्याने आरक्षित होतं, तेही पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं. या खोऱ्यात दुष्काळ जोडीनेही येतो. 2014चा पाऊस हुकला, 2015चाही हुकला, आणि मग रेल्वे आणावी लागली. तेव्हा पिण्याच्या पाण्याचं आरक्षण, बाष्पीभवनाची तूट धरून, सलग दोन वर्षांचं असलं पाहिजे. त्यासाठी भरल्या धरणातूनही उसाला सुटणारी आवर्तनं कमी करावी लागतील. ही गोष्ट राजकीयदृष्ट्या अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. पण उद्भवात पाणी नसेल, तर तीस वर्षांची जलवाहिनी म्हणजे जमिनीत पुरलेलं कर्ज.

आता पैशाचं. जलजीवन मिशनमध्ये आपल्या राज्यात भांडवली खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. गावांतर्गत कामांसाठी साधारणपणे दहा टक्के लोकवर्गणी धरली आहे. योजना उभी राहते, उद्घाटन होतं. मग पाऊस बरा होतो, गावच्या विहिरीला पाणी येतं आणि गाव ठराव करतं की आम्हाला प्रादेशिक योजनेचं पाणी नको. एक गाव सुटलं की दुसरं सुटतं. योजना चालवणाऱ्या शिखर समितीकडे उरतात वाहिनीच्या शेवटच्या टोकाची चार गावं, तेच पंप आणि विजेचा तोच स्थिर आकार. थकबाकी वाढते, वीज तुटते. एप्रिलमध्ये विहीर आटली की सुटलेली गावं परत येतात, तोवर पंपाची मोटर गंजलेली असते आणि व्हॉल्व्हमन दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

लोकांना वीजबिल झेपत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. हिशोब करून पाहू. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, कार्यक्षमता 65 टक्के धरली तर, सुमारे 420 युनिट लागतात. माणशी रोज 55 लिटर धरा. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी, म्हणजे साधारण 42 युनिट वीज. घर्षण, गळती, दुसरा उपसा धरून हा आकडा दुप्पट करा, तिप्पट करा; तरी तो घरच्या दोन-तीन महिन्यांच्या वापराएवढाच होतो. बिल बुडतं ते पाणी महाग म्हणून नव्हे, भरणारे थोडे म्हणून.

गळतीही आपण कधी जवळून पाहत नाही. मुख्य वाहिनीवरचा एअर व्हॉल्व्ह बघा. कोणीतरी पान्याने त्याचा नट दोन आटे सैल केलेला असतो. खाली प्लास्टिकचे हंडे रांगेत, बाजूच्या डबक्यात शेळ्या पाणी पितात. ते हंडे भरणाऱ्या बाईला चोर म्हणणं सोपं आहे. वाहिनी तिच्या बांधावरून जाते आणि तिची वस्ती योजनेच्या यादीत नाही, ही चूक आपल्या आराखड्याची आहे. वाहिनीलगतच्या वस्त्यांना मीटरची जोडणी मूळ अंदाजपत्रकातच धरली पाहिजे.

माझी सूचना अशी. योजनेची आकारणी दोन भागांत करावी. पहिला भाग वर्गणीचा: आरक्षण, देखभाल, मनुष्यबळ आणि विजेचा स्थिर आकार. तो प्रत्येक सभासद गावाने दरवर्षी भरावा, एक थेंब घेतला नाही तरी. दुसरा भाग गावाला जाणारं सगळं पाणी मोजणाऱ्या बल्क मीटरवर, जेवढं घेतलं तेवढ्याचा. विम्याचा हप्ता आपण आजारी नसतानाही भरतोच ना? चांगल्या वर्षी गावाने आपली विहीर खुशाल वापरावी, त्याने धरणातलं पाणी वाचतं. मात्र वर्गणी चुकवू नये. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला. अशा बंधित निधीतून ही वर्गणी थेट वळती करता येईल, घरोघरच्या वसुलीची वाट पाहावी लागणार नाही.

यावर आक्षेप येईल की न घेतलेल्या पाण्याचे पैसे कोणती ग्रामसभा मंजूर करेल? म्हणून गावाशी वर्गणीचा करार योजनेच्या आधी व्हावा, नंतर नव्हे. वर्गणीचा आकडा, दोन वर्षांच्या आरक्षणाची हमी आणि बल्क मीटरची जागा ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. ज्या गावाला पटणार नाही, त्याला वगळून आराखडा करा. योजना लहान होईल, पण चालेल. निविदेची घाई असते, हे मान्य. तरी या करारावर गावांच्या सह्या झाल्याशिवाय तांत्रिक मान्यता देऊ नये, असा ठराव या परिषदेने करावा आणि शासनाकडे पाठवावा. यंदा मांजरा भरलं, तर हे काम यंदाच हाती घ्या. भरल्या धरणाच्या काठावर ग्रामसभेला समजावणं कठीण जातं, पण पैसे तेव्हाच गोळा होऊ शकतात.