गाव मोजावयास शिका



आपल्या मुलांना गणित का येत नाही, असे आपण शिक्षकांना विचारता आणि शिक्षक तेच आपणांस विचारतात. मुलांच्या बुद्धीत काही उणे आहे, हे उत्तर मला मान्य नाही. तरव्यातील रोप किती खाचरांना पुरेल हे जी मुलगी नजरेने सांगते, तीच पुस्तकातील गुणोत्तर पाहून गप्प बसते. याचा अर्थ इतकाच की घरचे गणित व पुस्तकाचे गणित यांची कोणी गाठ घालून दिलेली नाही. ती गाठ कशी घालावी, आणि ती घालणे हा केवळ शाळेचा नव्हे तर हक्काचा प्रश्न का आहे, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हिशेब न येणाऱ्याचे काय होते, हे मुळशीला परक्याने सांगावयास नको. १६ एप्रिल १९२१ रोजी या खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला. तरी धरण झाले, आणि १९२७ पासून त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. परंतु बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ जमिनी त्यापूर्वीच कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा एक आणि मोबदल्याचा धनी दुसरा, अशी अवस्था झाली. जमीन पाण्यात बुडण्याआधी ती वहीत बुडाली होती.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. आकाराच्या ठरावीक पटीत रक्कम भरल्यास जमीन परत मिळण्याची तरतूद होती. 'आकार' म्हणजे काय, 'पट' म्हणजे काय, मुदत केव्हा संपते, 'नवीन शर्त' म्हणजे काय, हे ज्या घरात कोणास कळत होते आणि ज्या घरात कळत नव्हते, त्या दोन घरांना कायदा एकच होता, पण त्याचे फळ एकच मिळणे शक्य नव्हते.

आज याच तालुक्यात हिंजवडीची संगणक-वसाहत आहे, डोंगरात लवासा आहे, आणि जमीन मागणारे लोक वाडीवाडीवर येतात. दलाल भाव सांगतो गुंठ्याचा, सातबारा बोलतो हेक्टर-आरात, आणि इमारत विकली जाते चौरस फुटांनी. तेव्हा पहिला धडा येथूनच घ्यावा. मुलांना ३३ फुटांची दोरी द्यावी. तिने चारही बाजू मोजून मैदानावर चौरस आखला की झाला एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. आर मात्र १०० चौरस मीटरचा. त्याचे सुमारे १,०७६ चौरस फूट होतात. गुंठा आणि आर एकच, असे कोणी सहज बोलून गेला व आपण मान डोलावली, तर एका एकरामागे सुमारे ५०० चौरस फूट जमीन हातची जाते. एवढ्या जागेत एका कुटुंबाचे घर उभे राहते! हे ज्या मुलाने स्वतः दोरी धरून पाहिले, त्यास क्षेत्रफळ पुन्हा शिकवावे लागणार नाही. चौरस काटकोनात आहे की नाही, हे गवंड्यास विचारावे. तो एका बाजूवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजून तिरकी दोरी ५ फूट भरते का ते पाहतो. पायथागोरसचा सिद्धांत असा बांधकामावर भेटतो.

दुसरा धडा पाण्याचा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले आहे. समजा घरात ६ माणसे आहेत, हंडा १५ लिटरचा आहे व विहीर २०० मीटर दूर आहे. ३३० लिटर पाणी, म्हणजे २२ हंडे. एका खेपेस एकच हंडा आणला तर आईची चाल ८ किलोमीटर ८०० मीटर होते. मुलांनी हे आपापल्या घराचे मोजावे, वस्तीवस्तीचे आकडे शेजारी शेजारी मांडावे व सरासरी काढावी. कोणत्या वस्तीचा आकडा मोठा येतो आणि का, हा पुढला प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.

तिसरा धडा रस्त्याचा. पुण्याहून येणारी बस भूगाव, भुकूम, पिरंगुट करीत पौडला पोहोचते. पिरंगुट शून्य धरा. पौडकडील थांबे धन, पुण्याकडील थांबे ऋण. शून्यापासून दोन थांबे पुण्याकडे गेलो व तेथून तीन थांबे पौडकडे आलो, तर कोठे उतरलो? ज्या ऋण संख्येला मुले भितात, ती अशी प्रवासात सोबतीण होते.

हा तिसरा धडा अमेरिकेतील एका लढवय्याच्या कार्यातून घेतलेला आहे. रॉबर्ट मोझेस या कृष्णवर्णीय शिक्षकाने १९६१ पासून मिसिसिपी राज्यात आपल्या बांधवांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी मार आणि तुरुंग सोसला. पुढे १९८२ साली त्यांनी बीजगणिताचा प्रकल्प सुरू केला. मुलांना भुयारी रेल्वेतून नेऊन स्थानकांवरून ते धन-ऋण संख्या शिकवीत. ज्यास बीजगणित येत नाही तो नव्या युगात मतहीन माणसासारखाच बाहेर राहील, हे त्यांचे सांगणे होते.

येथे एक रास्त शंका निघेल. १९३७ साली वर्ध्याहून निघालेल्या शिक्षणयोजनेत हस्तव्यवसाय केंद्रस्थानी होता. ज्यांच्या पूर्वजांवर जातीने धंदा लादला, त्यांना अशा शिक्षणाचा संशय येणे स्वाभाविक आहे. गावचे गणित म्हणजे आपल्या मुलांस गावातच अडकविणारे हलके गणित काय? तसे असेल तर ते मला नको. दोरी, हंडा व बस ही सुरुवात आहे. मुक्काम बीजगणित, भूमिती व संख्याशास्त्र हाच आहे. जो शिक्षक मुलांना दोरीपाशीच थांबवील, तो त्यांची फसवणूक करील. पाढे पाठ करणेही सुटत नाही. पाढ्यांवाचून दोरी मुकी आहे.

गाव मोजण्याने केवढे काम होते पाहा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. तेथे १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले धारणक्षेत्र १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले होते. लगेच १९१८ साली बाबासाहेबांनी लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात दाखविले की, नुसता एकरांचा आकडा काही ठरवीत नाही. त्या जमिनीशी श्रम व भांडवल यांचे प्रमाण काय, हे पाहिले पाहिजे. मोठमोठ्यांच्या वादात त्यांनी गुणोत्तराचा प्रश्न विचारला! आपल्या मुलांना तोच प्रश्न विचारता आला पाहिजे.

म्हणून आपणांस एकच विनंती आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे असतात. सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकविताना आपल्याच पंचायतीचे जमाखर्चाचे आकडे फळ्यावर लिहा. १५ टक्के किती होतात ते मुले काढतील, आणि खर्च किती झाला तेही पाहतील. मग ती वही घेऊन आपण पालकांनी ग्रामसभेस जावे. उत्तर बरोबर आहे की नाही, ते तेथे तपासले जाईल.