वाचले, पण उमजले काय?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात केलेले भाषण)



इंग्रजीचे व्याकरण आणि वाचन यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. माझी सारी नोकरी खेड्यांतील शाळांत गेली, आणि इंग्रजी शिकविताना माझ्या हातून यशापेक्षा चुकाच अधिक घडल्या. त्यांपैकी एका चुकीची हकीकत प्रथम सांगतो. कारण आज मला जे सांगावयाचे आहे, ते मला त्या चुकीनेच शिकविले.

त्या वर्षी सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. पुढील इयत्तांची तयारी आधीच व्हावी या हौसेने मी मुलांना 'अन्लेस' या उभयान्वयी अव्ययाची वाक्ये करावयास शिकविले. नियम सोपा होता. वाक्यातील 'इफ' काढून तेथे 'अन्लेस' घालावे, पुढचा 'नॉट' गाळावा, आणि 'डझ नॉट कम' असेल तेथे 'कम्स' करावे. दहा वाक्ये फळ्यावर लिहून दिली. एका मुलीने ती दहाही बिनचूक सोडविली. मी तिची वही कौतुकाने वर्गभर फिरविली.

थोड्याच दिवसांनी तिच्या धाकट्या भावाला ताप आला. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या व चिठ्ठीवर इंग्रजीत एक सूचना लिहिली : 'डू नॉट गिव्ह द व्हाइट टॅब्लेट अन्लेस द फीव्हर इज हाय.' ताप फार चढला तरच पांढरी गोळी द्यावी, एरवी देऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. घरात इंग्रजी शिकणारी ती एकटीच. तिने वाक्य खडाखडा वाचले आणि आजीला सांगितले, "ताप जास्त असला तर पांढरी गोळी देऊ नका." रात्री ताप चढला. गोळी उशाशी होती. ती कोणी दिली नाही. सकाळी म्हातारी ती चिठ्ठी घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, एवढं नीट वाचून दाखवा." मूल पुढे बरे झाले, ही देवाची कृपा. परंतु दहापैकी दहा गुण मीच दिले होते, आणि त्या सकाळी त्या मुलीकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिला शब्द येत नव्हते काय? सारे येत होते. 'नॉट गिव्ह', 'व्हाइट टॅब्लेट', 'फीव्हर', 'हाय' हे सगळे तिला ठाऊक होते. या शब्दांना जोडणारा जो एक शब्द, त्याचा अर्थ तिने कधी लावलाच नव्हता. मी तिला तो शब्द एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसविण्याची कसरत शिकविली होती. व्याकरण हा एका तासिकेचा विषय आणि वाचन हा दुसऱ्या तासिकेचा, अशी वाटणी माझ्या मनात होती, आणि तीच तिच्याही मनात उतरली होती.

आता मी आपणांस एक वाक्य वाचून दाखवितो. कृपा करून लक्ष द्यावे. 'काल सायंकाळी एक गोबडा टिंगरू भुरंड्यात शिरला आणि त्याने तीन ढमके लिंबडले.' सांगा पाहू, टिंगरू कसा होता? गोबडा होता. तो कोठे शिरला? भुरंड्यात. त्याने किती ढमके लिंबडले? तीन. शाबास! आपण सर्व पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झालात. आता त्या टिंगरूचे चित्र काढा म्हटले, तर?

आपण हसता आहात. परंतु आपल्या वर्गातील मुले इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न याच रीतीने सोडवीत असतात. प्रश्नातील एखादा ठळक शब्द घ्यावयाचा, तो उताऱ्यात जेथे सापडेल ती ओळ उतरून काढावयाची, की झाले. 'व्हेअर' दिसले की 'इन' किंवा 'ॲट' शोधावयाचे, 'हू' दिसले की मोठ्या अक्षराचे नाव शोधावयाचे. यात मुलांचा दोष मानू नये. प्रश्न आपण तसे विचारतो, आणि चतुर मुलाने त्यावर काढलेला हा उपाय आहे.

याचे एक उदाहरण माझ्या जुन्या वहीतून घेतो. उतारा चारच वाक्यांचा आहे. 'गोपाळ केप्ट द सीड्स इन अ टिन. हिज ब्रदर केप्ट हिज इन अ क्लॉथ बॅग. इट रेन्ड ऑल नाइट ॲन्ड द रूफ लीक्ड. इन द मॉर्निंग ओन्ली गोपाळ हॅड सीड्स टु सो.' गोपाळने बियाणे कोठे ठेवले, असे विचारले तर सारा वर्ग हात वर करील. त्याऐवजी, भावाच्या बियाण्याचे काय झाले, असे विचारून पाहा. हे उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. ते कळण्यासाठी डबा, कापडी पिशवी, गळके छप्पर आणि 'ओन्ली' हा शब्द या चारही गोष्टी मनात एकत्र आणाव्या लागतात. उतरून काढण्यास ओळच नसल्यामुळे मूल क्षणभर थांबते. त्याचे वाचन तेथून सुरू होते.

याच उताऱ्यात व्याकरणही दडलेले आहे. दुसऱ्या वाक्यात 'हिज' हा शब्द दोनदा आला आहे. पहिला 'हिज' गोपाळचा आणि दुसरा भावाचा. मराठीत आपण दुसऱ्या ठिकाणी 'आपले' म्हणतो : 'त्याच्या भावाने आपले बियाणे पिशवीत ठेवले.' 'त्याचे' आणि 'आपले' हा भेद मराठीने राखला आहे; इंग्रजीत दोहोंनाही एकच शब्द. त्यामुळे मुलाला पुष्कळदा वाटते की, भावाने गोपाळचेच बियाणे पिशवीत घातले. सर्वनामांचा तक्ता तोंडपाठ करून हे कळणार नाही. 'हिज'खाली रेघ ओढून 'कोणाचे?' एवढेच विचारावे.

किंबहुना व्याकरणाच्या सरावासाठी माझी कसोटी एवढीच आहे : ज्या ठिकाणी व्याकरण चुकले असता अर्थ उलटतो, ते ठिकाण प्रथम घ्यावे. शब्दांचा क्रमच पाहा. मराठीत 'कुत्रा मांजराला चावला' म्हणा की 'मांजराला कुत्रा चावला' म्हणा, चावणारा कुत्राच राहतो. कारण 'ला' हा प्रत्यय त्याची खूण सांभाळतो. इंग्रजीत ती खूण नाही. 'द डॉग बिट द कॅट' आणि 'द कॅट बिट द डॉग' यांत शब्द तेच, अक्षरे तीच, केवळ जागा बदलली आणि चावणारा बदलला. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांना दोन चित्रे काढावयास सांगावीत. कर्ता, कर्म ही नावे त्यानंतर सांगितली तरी चालतील.

असेच संबंधी सर्वनामाचे. 'द मॅन हू सोल्ड द काउ टु माय अंकल इज ब्लाइंड.' येथे आंधळा कोण? पुष्कळ मुले सांगतील, काका. कारण 'अंकल' आणि 'इज ब्लाइंड' हे शब्द लगत आले आहेत. आपल्या भाषेत 'जो' आला की 'तो' येतोच : 'ज्या माणसाने माझ्या काकांना गाय विकली, तो आंधळा आहे.' ही जोडगोळी इंग्रजीत नाही. 'हू' एकटाच येतो आणि त्याचा 'तो' वाचणाऱ्याने मनाने पुरवावा लागतो. मुलाला हे जो-तोच्या आधारानेच सांगावे. जी गोष्ट त्याला मायबोलीत पक्की येते, तिच्यावर पाय देऊन त्याला पलीकडे जाता येते.

प्रयोगाच्या बाबतीत मात्र हाच आधार दगा देतो, म्हणून सावध करतो. आपल्या व्याकरणात 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीतील 'राम एट द मँगो' हे 'पॅसिव्ह' नव्हे. नावांच्या या सारखेपणाने कित्येक शिक्षकांचाच गोंधळ झालेला मी पाहिला आहे, आणि माझाही झाला होता. तेव्हा प्राथमिक वर्गांत प्रयोगांची नावे बाजूस ठेवून 'द स्नेक वॉज किल्ड बाय द मंगूस' यात मेला कोण, एवढे विचारणे बरे. 'वॉज' आणि 'बाय' हे दोन लहान शब्द दृष्टीआड झाले, की मुंगूस मेलेच म्हणून समजा.

आणि ज्या चुकांनी अर्थ बिघडत नाही, त्यांचे काय? 'आय सॉ डॉग' असे मुलाने लिहिले, 'अ' राहिला, तर खूण करून पुढे जावे. मराठीत या 'अ' आणि 'द' यांना जोडीदार नाही. ते कानाला सवयीने हळूहळू कळू लागतात. परंतु 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत तोच 'अ' फार मोठे काम करतो. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसे कोणी आले नाही; 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही माणसे आली. येथे मात्र थांबावे. तांबडी शाई सगळीकडे सारखी सांडण्यात अर्थ नाही.

कोणी विचारील, उत्तर मराठीत घ्यावे काय? मी तर म्हणेन, अवश्य घ्यावे. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये, असा दंडक मीही काही वर्षे पाळला. त्याने वर्ग शांत राहिला, एवढेच. मुलाला समजले की नाही हे पाहावयाचे असेल, तर ज्या भाषेत ते मोकळेपणी बोलते त्या भाषेतच पाहिले पाहिजे. इंग्रजीत उत्तर देणे ही दुसरी परीक्षा आहे, ती दुसऱ्या दिवशी घ्यावी. आपल्या मागील पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर वाढल्या. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव होत नसे, हा आक्षेप खरा. पण अर्थ न लावता पुढचे वाक्य ओलांडता येत नसे, हा तिचा गुणही खरा.

येथे मला मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाची आठवण होते. ते बंगालमध्ये ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९२६ साली त्यांचा द्विभाषिकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बंगालमधील पुष्कळ मुले अभ्यासक्रम अर्धवट टाकून जातात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी विमा-व्यवहारातील एक कल्पना शिक्षणास लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर जी रक्कम हाती पडते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात, हे आपणांपैकी ज्यांनी पॉलिसी काढली आहे त्यांना सांगावयास नको. वेस्ट यांचे म्हणणे असे की, मुलाने शाळा मध्येच सोडली तर त्या वेळेपर्यंतच्या शिक्षणातून त्याच्या हाती काय उरते, हे पाहावे. आणि परकीय भाषेत समजून वाचता येणे ही त्याला सर्वांत उपयोगी पडणारी शिदोरी होय. त्यांच्या सर्व मतांशी मी सहमत आहे असे नाही. बोलणे मागे ठेवण्यास आजचे पालक तयार होणार नाहीत, आणि त्यांचे चूक आहे असेही मी म्हणत नाही. पण तो विम्याचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या राज्यात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे सातवीत शाळा सोडणाऱ्या मुलीने सात वर्षे हप्ते भरलेले असतात. तिला 'अन्लेस' कळले नसेल, तर तिच्या हाती काय पडले?

आता प्रत्यक्ष सरावाचे थोडेसे. त्यास रोज दहा मिनिटे पुरतात आणि साहित्यास खर्च नाही. पाठातील एकच वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यातील एक लहान शब्द बदलावा. 'सीता वेन्ट टु द वेल बिफोर शी लिट द फायर.' आधी काय झाले? 'बिफोर' पुसून 'आफ्टर' लिहावे. आता आधी काय झाले? मराठीत ज्याला 'पूर्वी' जोडतो तो भाग आपण बहुधा आधी बोलतो : 'चूल पेटविण्यापूर्वी सीता विहिरीवर गेली'. इंग्रजी वाक्यात तो बहुधा मागून येतो. मुले जो भाग आधी वाचतात तोच आधी घडला असे धरतात, म्हणून 'आफ्टर'शी त्यांची हमखास फसगत होते. होऊ द्यावी. दोन मुलांना उठवून ते करून दाखविण्यास सांगावे.

आणखी एक युक्ती मुलांना फार आवडते. शिक्षकाने वाक्याचा मराठी अर्थ मुद्दाम चुकीचा सांगावयाचा आणि मुलांनी तो पकडावयाचा. मात्र कोणत्या शब्दावरून पकडला, तो शब्द दाखविला पाहिजे. गुरुजींची चूक काढण्याचा आनंद एवढा मोठा असतो की, मागच्या बाकावरचे मूलही पुस्तकात डोके घालते. ज्यांच्याकडे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात त्यांनी एका गटाला वाक्य मुकाट्याने वाचून चित्र काढण्यास बसवावे आणि तेवढ्यात दुसऱ्या गटाचा पाठ घ्यावा. सामूहिक मोठ्याने वाचनाचा वेळ निम्म्यावर आणला तरी काही बिघडत नाही. त्या गजरात कोण वाचतो आणि कोण केवळ ओठ हलवितो, हे आपणांस कधीच कळत नाही.

त्या मुलीविषयी आपण विचाराल म्हणून सांगतो. मी दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी फळ्यावर उतरविली, कोणाची हे न सांगता, आणि वर्गाला अर्थ विचारला. चोवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी तोच उलटा अर्थ लिहिला. तिने मात्र बरोबर लिहिला, आणि पाटी छातीशी धरून ठेवली.

माझी एकच विनंती आहे. पुढील महिन्याच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपण शिकवीत असलेल्या इंग्रजी पुस्तकातील एक पाठ घेऊन यावा आणि त्यावर असे तीन प्रश्न लिहून आणावेत, की ज्यांचे उत्तर पाठातील ओळ उतरवून देता येणार नाही. आपण ते एकमेकांना सोडविण्यास देऊ. कागद मी आणतो.