बालकांचा आहार व हातापायांची स्वच्छता



आदिवासी पाड्यावरील अथवा ऊसतोड मजुरांच्या तळावरील मूल वर्गात पेंगू लागले, की त्यास 'मठ्ठ' म्हणण्याचा मोह होतो. परंतु दोष पुष्कळदा बुद्धीचा नसून पोटातील जंतांचा असतो.

माध्यान्ह भोजनातून प्राथमिक शाळेतील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे शासनाने ठरविलेले आहे. परंतु पोटात जंत असल्यास त्या अन्नाचा पुरता लाभ मुलास होत नाही. उघड्यावरील शौचामुळे जंतांची अंडी मातीत मिसळतात व मळक्या हातांवाटे तोंडात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. पुढे ते कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात. मूल फिकट पडते, त्यास धाप लागते व ते अभ्यासात मागे राहते.

२०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती चावून खावयाची असते. तथापि शौचालयाचा वापर, पायांत वहाण व जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात यांवाचून जंत पुन्हा होतात.

घरी साबण वा वहाण नसणे हा मुलाचा अपराध नव्हे. त्यास चारचौघांत हिणवू नये. साबण शाळेतच ठेवावा. वहाणांसाठी ग्रामपंचायतीकडे शब्द टाकावा.

मागे बसविलेल्या मुलाच्या खालच्या पापणीची आतील बाजू एकदा उजेडात पाहावी. ती फिकट दिसल्यास त्यास शिक्षा न करता आरोग्य केंद्रात न्यावे.