गिधाडें कोठें गेलीं?

मराठी भाषेनें गिधाडावर मोठा अन्याय केला आहे. दुसऱ्याच्या मरणावर टपून बसलेल्या लोभी मनुष्याला आपण गिधाड म्हणतों; आणि दुष्काळाचें किंवा लढाईचें वर्णन करावयाचें झालें, म्हणजे आकाशांत चारदोन गिधाडें घिरट्या घालावयास लावल्यावांचून लेखकाचें समाधान होत नाहीं. उलट इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथें, सीतेसाठीं रावणाशीं झुंजून जटायु पडला तें हेंच स्थान, या श्रद्धेनें लोक हात जोडतात. पुराणांतील एका गिधाडाला नमस्कार आणि बाकीच्या सर्वांना शिवी, असा हा आपला व्यवहार! ज्याच्या नांवाची शिवी झाली, तो पक्षी १९९० पर्यंत गांवोगांव दिसत असे. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत तो जवळजवळ नाहींसा झाला, आणि बरींच वर्षें त्याचें कारण कोणालाच कळेना.

गिधाडाचें काम काय, हें जुन्या मंडळींना सांगावयास नको. बैल मेला, कीं त्याचें कातडें सोलून उरलेलें धूड गांवाबाहेरच्या माळावर टाकीत. पाहतां पाहतां गिधाडांचा थवा त्यावर उतरे आणि हाडें तेवढीं शिल्लक ठेवून उडून जाई. सडण्याला आणि दुर्गंधीला अवसरच मिळत नसे. ज्या मांसानें दुसरा प्राणी आजारी पडावा, तें या पक्ष्याच्या जठरांतील तीव्र आम्लांत सहज जिरून जातें. गोवंश न मारण्याच्या आपल्या रिवाजामुळें म्हातारीं गुरें आपोआप मरत. म्हणून गिधाडांना येथें अन्नाचा तोटा नव्हता. मुंबईस मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत पारशी समाजाची अंत्यसंस्काराची परंपरागत पद्धति तर याच पक्ष्यावर अवलंबून होती. गिधाडें गेल्यावर तेथें सूर्याचे किरण एकवटणारीं साधनें बसवावीं लागलीं.

ऱ्हासाची पहिली निश्चित वार्ता राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांतून आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनीं तेथें १९८७-८८ च्या हंगामांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं ३५३ घरटीं मोजलीं होतीं. सुमारें दहा वर्षांनीं त्यांनीं पुन्हां मोजणी केली, तेव्हां तीं निम्म्याहून कमी भरलीं. घरटीं मोजणें हें काम दिसावयास क्षुल्लक. परंतु तीं जुनीं टिपणें नसतीं, तर हा ऱ्हास 'हल्लीं गिधाडें कमी दिसतात' एवढ्या गप्पांपलीकडे गेला नसता. फांद्यांवर बसलेलीं गिधाडें माना खालीं टाकून डुलक्या घेतल्यासारखीं दिसत आणि कांहीं दिवसांनीं झाडाखालीं मरून पडत. मृत पक्षी चिरून पाहिले, तर पुष्कळांच्या यकृतावर व हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. हा थर युरिक आम्लाचा. मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें तें आम्ल शरीरांत सांचलें होतें.

पण मूत्रपिंडें निकामी कशानें झालीं? प्रथम संशय सांथीच्या रोगावर गेला, आणि तो अवास्तव नव्हता. इतक्या मोठ्या प्रदेशांत, इतक्या थोड्या काळांत, एकाच पद्धतीनें पक्षी मरत होते. जंतूंचा शोध झाला, कीटकनाशकें पाहिलीं, जड धातू तपासले. हातीं कांहीं लागलें नाहीं.

सरहद्दीपलीकडे पाकिस्तानी पंजाबांतही याच जातीचीं गिधाडें अशींच मरत होतीं. तेथें काम करणारे अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं शेवटीं प्रश्न उलटा करून पाहिला. पक्ष्याला काय झालें आहे, हें पुरें झालें. तो जें खातो, त्या जनावराच्या पोटांत अलीकडे नवीन काय जाऊं लागलें आहे? गुरांचीं औषधें विकणाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हां एक नांव पुढें आलें: डायक्लोफेनॅक. माणसें कंबरदुखीवर व गुडघेदुखीवर घेतात तेंच हें वेदनाशामक. मग मृत पक्ष्यांचे अवशेष पुन्हां तपासले. मूत्रपिंडाच्या विकारानें मेलेल्या २५ पक्ष्यांपैकीं २५ मध्यें हें औषध सांपडलें. अन्य कारणांनीं मेलेल्या १३ पैकीं एकांतही नाहीं. पिंजऱ्यांतील गिधाडांना औषध दिलेल्या जनावराचें मांस खाऊं घातलें, तेव्हां तींही तशींच मेलीं. २००४ सालीं हा शोध 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

येथें कोणीही खलपुरुष नाहीं, हें या हकीकतींतील सर्वांत चमत्कारिक. बैल लंगडतो, नांगर अडतो. शेतकरी स्वस्त व गुणकारी औषध आणून त्या मुक्या जिवाचें दुःख हलकें करतो. कित्येकदां जनावर तरीही दगावतें, आणि त्याच्या मांसांतून तें औषध गिधाडांपर्यंत पोंचतें. कोणालाही शंका येईल, कीं अशा कितीशा गुरांना मरणापूर्वीं ही सुई टोंचली असेल? त्याचेंही गणित मांडलें गेलें. दर ७६० मढ्यांमागें एक ते दर १३० मागें एक, एवढींच मढीं विषारी असलीं, तरी झालेला सारा ऱ्हास घडून येण्यास तीं पुरेशीं होतात, असें तें गणित सांगतें. एका मढ्यावर शेंकडों पक्षी उतरतात आणि एक पक्षी वर्षभरांत अनेक मढ्यांवर बसतो. त्यामुळें आज ना उद्यां त्याची गांठ त्या एका मढ्याशीं पडतेच. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते आणि पिलाला प्रौढ होण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. खर्च असा आणि जमा अशी! १९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं. लांब चोचीचीं व बारीक चोचीचीं मिळून शंभरांत तीन.

त्यांनीं सोडलेलें काम भटक्या कुत्र्यांनीं उचललें, पण अर्धवट. मढ्यांवर पोसलेलीं कुत्रीं वाढलीं, आणि त्यांबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याचें भयही वाढलें. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, गिधाडांच्या अभावीं २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मृत्यु पावलीं. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण त्याची चतुर्थांश संख्या धरली, तरीही ती लहान नाहीं.

२००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास बंदी केली. त्याच वर्षीं मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांना अपाय करीत नसल्याचें सिद्ध झालें. म्हणजे शेतकऱ्यावर, बैलाला तळमळत ठेवण्याची पाळी येणार नव्हती. प्रश्न येथें मिटावयास हवा होता. परंतु माणसांसाठींची मोठी कुपी दुकानांत होतीच, आणि माणसाला पुष्कळ दिवस पुरेल एवढें औषध एका गाईला एका वेळेस पुरतें. ती पळवाट बुजण्यास २०१५ साल उजाडलें. तेव्हांपासून माणसांच्या सुईची कुपी ३ मिलिलिटरहून मोठी नसावी असा नियम झाला. औषध बनविणारांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. मद्रास उच्च न्यायालयानें २०१७ सालीं ती फेटाळली. दरम्यान ॲसिक्लोफेनॅक नांवाचें दुसरें औषध गुरांना दिलें जात होतें, जें गाईच्या शरीरांत गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतें! त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी येण्यास २०२३ साल लागलें. नियम करणाऱ्यांची चाल बैलगाडीची आणि बाजाराची आगगाडीची, असेंच म्हणावें लागतें.

हरियानांत पिंजोर येथें गिधाडांचें संवर्धनकेंद्र आहे. तेथें जन्मलेलीं वीस गिधाडें जानेवारी २०२४ मध्यें महाराष्ट्रांत आणलीं गेलीं: दहा ताडोब्यास, दहा पेंचला. त्यांना एकदम मोकळें न सोडतां प्रथम मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत ठेवलें, म्हणजे तेथील आकाश व वारा त्यांच्या अंगवळणीं पडावा. परंतु पक्षी सोडण्यापूर्वीं पहावयाचें असतें तें त्याचे पंख नव्हेत, तर भोंवतालचीं औषधांचीं दुकानें. गिधाड एका दिवसांत शेंकडों मैलांचा प्रदेश पालथा घालूं शकतें. अभयारण्याची सीमा त्याला ठाऊक नसते. म्हणून संशोधक साध्या गिऱ्हाइकाच्या वेशांत खेड्यापाड्यांतील दुकानांत जातात, आपली गाय लंगडते आहे असें सांगतात, आणि दुकानदार फळीवरून कोणती कुपी काढून पुढें ठेवतो, तें पाहून टिपून ठेवतात.