कोटाचीं जुनीं चित्रें आणि आपलीं नांवें

(महोत्सवानिमित्त जुन्या चित्रांचें दालन उघडतांना केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सभागृहांत जें चित्रांचें दालन मांडलें आहे, त्याच्या पहिल्या भिंतीवर आपलें देऊळ नाहीं, कीं आपले पूर्वीचे धर्मगुरू नाहींत. तेथें मुंबईच्या कोट भागाचीं जुनीं छायाचित्रें व पोस्टकार्डें लाविलीं आहेत. महोत्सव देवळाचा आणि चित्रें कोटाचीं, हा मेळ कसा, असें कित्येकांनीं आम्हांस विचारिलें. त्याचें एक उत्तर सोपें आहे. आपल्यापैकीं कोणाचे वाडवडील वसईहून, कोणाचे साष्टींतून, कोणाचे गोमंतकांतून, तर कोणाचे नगर जिल्ह्यांतून पोटासाठीं ह्या शहरांत आले, आणि त्यांच्या श्रमाचे दिवस बहुधा ह्याच भागांत गेले. दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. तें भाषणाच्या ओघांत येईल.

प्रथम हीं चित्रें कशीं जन्मास आलीं तें पाहूं. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगास जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांचें एक मंडळही स्थापन झालें. त्या शतकाच्या अखेरीस चित्रमय पोस्टकार्डांची लाट आली. क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या येथील छायाचित्रकारांनीं शहराच्या दृश्यांचीं कार्डें विक्रीस ठेविलीं. मूळ चित्र काळेंपांढरें आणि रंग छापखान्यांत मागाहून चढविलेला, असा पुष्कळदां प्रकार असे. म्हणून आकाशाच्या निळाईवर व झाडांच्या हिरवाईवर फारसा भरंवसा ठेवूं नये. आरंभीं कार्डाची पाठ केवळ पत्त्यासाठीं राखलेली असे; खुशालीचा मजकूर चित्राच्या कडेस कोंबावा लागे. पाठीचे दोन भाग करून एकांत पत्ता व दुसऱ्यांत मजकूर लिहिण्याची मोकळीक इंग्लंडांत १९०२ सालीं मिळाली, व ती चाल इतरत्रही पसरली. तेव्हां कार्डावर तारीख नसली, तरी त्याची पाठ पाहून त्याच्या वयाचा अंदाज करितां येतो.

आतां ह्या चित्रांतून एक फेरी मारूं. कोटास एके काळीं खरोखरीचा तट होता आणि त्यास अपोलो गेट, चर्च गेट व बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकांत, गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या कारकिर्दींत, तो तट पाडण्यांत आला. ज्या मंदिरावरून चर्च गेट हें नांव पडलें, तें आंग्लिकन पंथाचें सेंट थॉमसचें मंदिर होय. तें १७१८ सालच्या नाताळच्या दिवशीं उपासनेसाठीं खुलें झालें व आजही उभें आहे. दरवाजा होता त्या जागेच्या आसपास १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. आज त्याच्या शेजारीं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत प्राण वेंचिलेल्यांचें स्मारक आहे, आणि चौकास हुतात्मा चौक म्हणतात. बोरीबंदराच्या स्थानकाचें काम १८७८ सालीं सुरू होऊन १८८८ सालीं संपलें. मध्यंतरीं, १८८७ सालीं, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यास व्हिक्टोरिया टर्मिनस हें नांव मिळालें. १९९६ सालीं तें छत्रपती शिवाजी टर्मिनस झालें, व २०१७ सालीं त्या नांवांत 'महाराज' ही पदवी जोडली गेली.

कांहीं कार्डांत ट्राम दिसते. घोड्यांची ट्राम १८७४ सालीं आली, विजेची १९०७ सालीं. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरास गेली, आणि तो खडखडाट कायमचा थांबला. काळा घोडा ह्या चौकाचें चित्र पाहा. तेथें सातव्या एडवर्डची, तो युवराज असतांनाची, घोड्यावर बसलेली मूर्ति १८७९ सालीं बसविली होती. १९६५ सालीं ती तेथून काढून भायखळ्याच्या बागेंत नेली. घोडा गेला, पण नांव गेलें नाहीं. तें इतकें टिकलें कीं २०१७ सालीं त्या चौकांत स्वाराशिवाय एक नवा काळा घोडा आणून उभा करावा लागला! चर्च गेटचीही तीच कथा. दरवाजा नाहींसा होऊन दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी त्याचें नांव सांगून रोज लाखों लोक आगगाडीचें तिकीट काढितात.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. दगड हलतो, पितळ वितळतें, चुना झडतो. परंतु लोकांच्या मुखीं बसलेलें नांव सहसा मरत नाहीं. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांत ह्याचा एक ठळक दाखला आहे. आज जेथें बोरीबंदराचें भव्य स्थानक आहे, त्या परिसरांत फ्रान्सिस्कन संन्याशांनीं बांधलेलें आशामाउलीचें, म्हणजे एस्पेरान्सा मातेचें, देऊळ होतें. कोटावरील तोफांस पुढचें मैदान मोकळें हवें, म्हणून इंग्रज सरकारनें तें १७६० सालीं पाडविलें, व पुढें भुलेश्वराच्या बाजूस नवें देऊळ उभें राहिलें. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वींच तें जुनें देऊळ जमीनदोस्त झालें. त्याचें एकही छायाचित्र असणें शक्य नाहीं. पण भाविक उठून गेले तेव्हां त्यांनीं माउलीचें नांव बरोबर नेलें, आणि नव्या भिंतींस तेंच नांव दिलें. देऊळ हरवलें नाहीं. त्यानें केवळ स्थलांतर केलें. त्याच मोकळ्या मैदानाचा एक भाग तेथील जुन्या दगडी क्रुसावरून आजही क्रॉस मैदान म्हणून ओळखला जातो.

आतां ह्या चित्रांत काय नाहीं, त्याकडे वळूं. जुन्या चित्रांतील रस्ते पाहून अनेकजण उसासा टाकितात: अहाहा, तेव्हां शहर किती निवांत होतें! बंधूंनो, ह्या निवांतपणास भुलूं नका. आरंभींच्या काळांत कांचेवर प्रकाश पुष्कळ वेळ पडूं द्यावा लागे. तेवढ्या वेळांत जें स्थिर राहील तेंच उमटे. जो चालत असेल तो धुक्यासारखा पुसट होई, किंवा मुळींच दिसत नसे. म्हणजे इमारत उमटली आणि हमाल नाहींसा झाला. खांब उमटला आणि पाणी वाहणारी बाई नाहींशी झाली. पुढें कांचा जलद झाल्या, तरी कार्ड विकणाऱ्यास सुंदर इमारतच हवी असे. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उघडकीस आला व वर्षानुवर्षें माणसें मेलीं. त्याच काळांतील कार्डांवर पाहावें तों शहर न्हाऊनमाखून उभें आहे. प्लेगच्या दिवसांत आपल्या लोकांनीं गल्लोगल्लीं क्रूस उभारून त्यांपुढें प्रार्थना केल्या. त्यांतील पुष्कळ क्रूस आजही आहेत. पण बोरीबंदराच्या शेजारीं त्यांना पोस्टकार्डावर जागा कोण देणार? कचेऱ्यांतील कारकून, बोटींवरील खलाशी, साहेबांच्या घरचे आचारी, बँडांतील वाजंत्री, धोबी तलावाच्या कुडांत एका पेटीवर संसार मांडून राहिलेले गोमंतकीय हे सारे त्या शहराचा प्राण होते, आणि चित्रांत ते क्वचितच आढळतात.

म्हणून आम्हीं समोरच्या भिंतीवर आपल्या घरांतून आलेलीं छायाचित्रें लाविलीं आहेत. येथें मात्र माणसेंच माणसें आहेत. पण नांवें नाहींत! एकूण चित्रांपैकीं निम्म्यांहून अधिक चित्रांखालीं आम्हांस 'नांव अज्ञात' असें लिहावें लागलें. प्रथम कम्युनियनच्या एका समूहचित्रांत डावीकडून चवथा मुलगा कोण, हें कोणासही सांगतां येईना. तेव्हां नव्वदी ओलांडलेल्या एका आजींनीं चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्यास ओळखिलें. तोंडावरून नव्हे, तर बुटांवरून. बूट थोरल्या भावाचे होते, दोन बोटें मोठे. तो मुलगा आजींचा भाऊ. त्याच वर्षीं तो ज्वरानें गेला. त्याचें दुसरें चित्र नाहीं. आम्हीं बाप्तिस्म्याची वही काढून पाहिली, तों नांव व तारीख जुळली. वहींत नांव होतें, चेहरा नव्हता. चित्रांत चेहरा होता, नांव नव्हतें. आणि ह्या दोहोंस जोडणारा धागा एका वृद्ध स्त्रीच्या स्मरणांत होता. असे धागे आपल्या धर्मग्रामांत आतां मोजकेच उरले आहेत.

ख्रिस्तसभा बाप्तिस्म्याच्या वेळीं आईबापांस पहिली गोष्ट विचारते ती बालकाचें नांव. मिस्साबलींत मृतांचें स्मरण करितांना ती आपल्या माणसांचीं नांवें घेते. देवास नांव विसरण्याचें भय नाहीं. भय आपणांस आहे. तेव्हां ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबास आमची एक विनंती आहे. घरांतील जुनें चित्र काढा, वडीलधाऱ्यांपाशीं बसा, आणि डावीकडून उजवीकडे क्रमानें नांवें, स्थळ, प्रसंग व साल लिहून घ्या. चित्राच्या पाठीवर लिहावयाचें तर मऊ पेन्सिलीनें, कडेस, हलक्या हातानें लिहा. शाई झिरपते, आणि डिंक व चिकटपट्टी यांनीं कागद खराब होतो. मोबाईलवर प्रत काढाल तर नांवेंही त्याबरोबर लिहून ठेवा. आज आपण दिवसास जितकीं चित्रें घेतों तितकीं आपल्या आजोबांनीं जन्मांत पाहिलीं नसतील. परंतु नांवांवांचून तीं सारीं उद्यां परक्यांचींच होतील.

येत्या नोव्हेंबरांत, मृत भाविकांच्या महिन्यांत, ह्या रीतीनें जमलेल्या नांवांची यादी वेदीपाशीं ठेवून आम्ही मिस्साबली अर्पण करूं. ज्यांचीं नांवें सांपडणार नाहींत, त्यांनाही त्यांत वगळणार नाहीं. पण तुम्हीं आज घरीं जाऊन विचाराल, तर त्या अज्ञातांपैकीं एखादा तरी आपल्या नांवानिशीं परत येईल. आशामाउली तुम्हां सर्वांसाठीं विनवणी करो, आणि प्रभूचा आशीर्वाद तुमच्या घरांवर राहो.