विनोद : अर्थ अनेक, कसोटी एक

(महाजनांच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या सभामंडपात विनोद या विषयावर व्याख्यान व्हावे, हे काही वडीलधाऱ्या मंडळींना किंचित विचित्र वाटले असेल. देवापुढे गांभीर्य शोभते, हा आपला संस्कार आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या गोमंतकातील उत्सवाच्या रात्री आठवून पाहाव्यात. ज्या प्रांगणातून सायंकाळी पालखी फिरे, त्याच प्रांगणात रात्री काला उभा राही. गणपती येई, सरस्वती येई, आणि मागाहून नखशिखान्त काळ्या वेषातला, तांबडी जीभ लोंबणारा संकासुर येई. वेद चोरणारा हा दैत्य. पण त्याला पाहून मुलांनी घाबरावे, तोच त्याच्या उलटसुलट प्रश्नांनी सारा मांड हसू लागे. तेव्हा हास्य आपल्या देवळाबाहेरचे नव्हे. पूर्वजांनी त्याला उत्सवात जागा दिली होती. ती का दिली आणि तिची मर्यादा कोणती, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘विनोद’ हा शब्द ‘नुद्’ या धातूपासून आला आहे. नुद् म्हणजे ढकलणे, दूर सारणे. मनावरचा शीण, खेद, कंटाळा ज्याने दूर सारला जातो तो विनोद. मुळात या शब्दात कोणाला खिजवण्याचा भाव नाही. पण माणसाचे मन एकरंगी नसल्यामुळे पुढे या एका झाडाला अनेक फांद्या फुटल्या. थट्टा वेगळी, मस्करी वेगळी. कोटी वेगळी, विडंबन वेगळे. उपहास, उपरोध, टिंगल, टवाळी, कुचेष्टा ही सारी एकाच कुळातली, पण एका स्वभावाची नव्हेत. थट्टेत जवळीक असते. टवाळीत ती नसते. उपरोधाला हेतू असतो. कुचेष्टेला केवळ हौस असते. मराठी भाषेने इतके शब्द घडवले, ते हा फरक आपल्याला कळावा म्हणूनच, असे मला वाटते.

नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी आठ रसांत हास्याला शृंगाराच्या लगेच नंतर स्थान दिले. त्याचा वर्ण श्वेत सांगितला आणि देवता शंकराचे प्रमथगण सांगितले. हसण्याचे त्यांनी सहा प्रकार केले : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. ही प्रतवारी आवाजाच्या चढउतारावरून केली असावी असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण नीट पाहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मध्यम प्रतीचे विहसित प्रसंगाला धरून असते. अधम प्रतीचे अपहसित भलत्याच ठिकाणी उमटते. म्हणजे किती हसला याबरोबरच कोठे आणि केव्हा हसला, हेही मुनींनी मोजले. या मापाला मी आणखी एका प्रश्नाची जोड देऊ इच्छितो : हसू कोणावर पडले?

आपली जुनी नाटके या प्रश्नाचे उत्तर मोठ्या मार्मिकपणे देतात. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घ्या. त्याची नायिका वसंतसेना ही गणिका आहे. तिची टिंगल करून प्रेक्षकांना हसवणे नाटककाराला अगदी सोपे होते. परंतु हसू पडते ते शकारावर. हा राजाचा मेहुणा. नात्याच्या बळावर माजलेला, पुराणातली नावे आणि प्रसंग यांची बिनदिक्कत खिचडी करणारा, आणि तरीही स्वतःला विद्वान समजणारा. वसंतसेनेची प्रतिष्ठा अखेरपर्यंत उजळच राहते.

हेच नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी मराठीत आणले, आणि त्यांचेच ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आले. त्याचे कथानक मूळचे फ्रान्सच्या मोल्येरचे, इंग्रजी रूपांतरातून देवलांच्या हाती आलेले. पण देवलांनी पात्रांना आपल्या महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन त्याला असे काही मराठी केले की परकेपणाची खूणही उरली नाही. गोमंतकातील उत्सवांच्या रंगमंचावर ते मोठ्या प्रेमाने होत आले आहे. रस्त्यात मूर्च्छित पडलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती फाल्गुनराव पाहतो. आणि तेथून संशयाचे जे मोहोळ उठते, ते अखेरच्या प्रवेशापर्यंत शमत नाही. येथेही रेवती गणिकेच्या घरची आहे, आणि येथेही हसू तिच्यावर पडत नाही. ते पडते प्रतिष्ठित, सुखवस्तू आणि संशयी गृहस्थावर. प्रेक्षागृहात पुढच्या रांगेत बसणाऱ्या मंडळींवर, असे म्हटले तरी चालेल!

संतांनीही हे मर्म जाणले होते. समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरी टाकली खरी. पण त्यांच्याच दासबोधातील मूर्खलक्षणे वाचताना कोणाच्या ओठावर स्मित उमटत नाही? आणि पढतमूर्खाची लक्षणे वाचताना ते स्मित हळूच मावळते, कारण त्यांतली दोनचार आपलीच निघतात. नाथांनी भारुडात विंचवाचे विष उतरवता उतरवता कामक्रोधाचे विष दाखवले. मोठ्याने हसलेल्या माणसाच्या मनाचे दार उघडे असते. उपदेश त्यातून सहज आत जातो.

पुढच्या काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून जुन्या रूढींचा समाचार घेतला. त्यांचा सुदामा स्वतः त्या वेडगळ मेळाव्यातलाच एक आहे. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणरावाला जन्म दिला. तोही आपलीच फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. दोघांनीही उपहासाचे पहिले ताट स्वतःपुढे वाढून घेतले, म्हणून वाचकांनी पुढचे आनंदाने स्वीकारले.

बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्या घराकडे वळू. आपल्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या कलावंत घराण्यांनी गायन-नर्तनाची सेवा केली. उत्सव त्यांच्या सुरांनी सजला. आणि उत्सव आटोपल्यावर ओसरीवरच्या बैठकीत त्यांच्याच जातीकुळावरून कोट्या झाल्या. त्याच परंपरेतून केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई उदयास आल्या व सारा देश त्यांच्यापुढे नतमस्तक झाला. ज्या कोट्यांना तेव्हा रसिकता म्हटले, त्यांचे आज आपल्याला काय वाटते? कोणाचे काळेपण, कोणाचे तोतरेपण, नव्या सुनेचे माहेर, पंक्तीत वाढणाऱ्याची गरिबी, यांवरचे हसू हे भरतमुनींच्या हिशेबी अपहसितच होय. ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाही, त्याच्यावर केलेला विनोद हा विनोदच नव्हे. तो शीण दूर सारत नाही, माणसाला दूर सारतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. संकासुराने गावच्या बड्या माणसाला टोमणा मारला, तर आपण मांडावर बसून टाळ्या देत असू. पण महाजनांच्या सभेत कोणी हिशेबावर, मानपानावर, पालखीच्या क्रमावर हसत हसत एक वाक्य बोलला, तर त्याचे दोन दोन पिढ्यांचे वैर होते. मानाच्या विड्यापायी भाऊबंद न्यायालयाच्या पायऱ्या चढलेले आपण पाहिले आहेत. त्या वेळी दोहोंपैकी एकाला जरी स्वतःवर हसता आले असते, तरी देवाचा पैसा आणि माणसांची मने, दोन्ही वाचली असती. मान हा देवाच्या सेवेचा असतो, आपल्या थोरवीचा नव्हे; हे विसरलेल्या माणसाला जागे करण्याचे सर्वांत सौम्य साधन म्हणजे विनोद.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या मुलांना हसण्यापासून रोखू नका. हसावे कोणावर हे मात्र शिकवा. आपल्याहून मोठ्यावर हसताना निर्भय असावे, बरोबरीच्यावर हसताना स्नेह असावा, दुबळ्यावर मुळीच हसू नये, आणि स्वतःवर हसण्याचा मान मात्र कोणालाही न देता प्रथम आपणच घ्यावा. या एका मानासाठी तंटा झाल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

श्रींच्या प्रांगणातले हे निर्मळ हास्य पुढील पिढ्यांतही नांदो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.